चार बोटांचं माप

वामन ओव्हरसियरला बुऱ्हाणपुरात दोनच प्रकारची माणसं ओळखत: ज्यांची भिंत त्याने पाडली होती ती, आणि ज्यांची अजून पाडायची होती ती. वामन दोघांनाही सारखाच नमस्कार करी. या सारखेपणाचा त्याला भारी अभिमान होता.

छप्पन सालचा वैशाख होता. राज्यांच्या नव्या सीमा ठरत होत्या. बुऱ्हाणपूर इकडे राहणार की तिकडे जाणार, यावरून पानाच्या ठेल्यांवर रोज गचांडी धरली जाई. वामनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. राज्य कोणाचंही येवो, झुकलेली भिंत झुकलेलीच राहणार, असं तो म्हणे आणि आपली सायकल पुढे दामटी.

गावच्या म्युनिसिपल कमेटीत राहत्या घरांच्या कायद्याचं काम त्याच्याकडे होतं. दर उन्हाळ्यात तो सगळे जुने मोहल्ले पिंजून काढी. गवंडी लोटू शिडीवर चढून भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, सोडी. भिंत बाहेर झुकलेली असली की खाली दोरा आणि भिंत यांच्यात फट पडे. फट तीन इंचांहून मोठी असली तर घर राहायला धोक्याचं. दारावर गेरूची फुली, आठ दिवसांत घर रिकामं, नवव्या दिवशी घन. कायद्याच्या पुस्तकात एवढंच होतं. पण आधीच्या ओव्हरसियरच्या टेपवरचा लोकांचा विश्वास उडाला होता. तो टेप गरिबाच्या दारात लांबतो आणि सावकाराच्या दारात आखडतो, असं उघड बोललं जाई. म्हणून मोहल्ल्यांच्या पंचांनी बसून एक रीत पाडली होती. तीन इंच म्हणजे चार बोटं. ज्याचं घर, त्याने स्वतःची चार बोटं जोडून फटीत धरायची. दोरा बोटांना टेकला तर घर पास. बोटं दोऱ्याला न लागता सुटी राहिली तर फुली. स्वतःच्याच बोटांनी दिलेल्या निकालावर कोण काय बोलणार? वामनला ही रीत इतकी पसंत पडली की त्याने टेप कपाटात टाकून दिला. तीन वर्षांत त्याने अशा एकोणीस भिंती पाडल्या आणि एकाही घरमालकाला तक्रार करता आली नाही.

विसावी भिंत सिंधीपुऱ्यातल्या गोदाबाईची. ती विधवा बाई कापसाच्या जिनात सरकी निवडायला जाई. नऊ दिवसांपूर्वी तिने आपली वाळलेली, बारीक बोटं फटीत धरली होती, आणि दोरा तिच्या करंगळीपासून ज्वारीचा दाणा जाईल इतका दूर राहिला होता. ती हात पदराला पुसून आत गेली होती.

आज घन पडत होते. भिंत गोदाबाईच्या नवऱ्याने, गिरधरने, स्वतःच्या हातांनी बांधलेली होती आणि ती काही केल्या पडायला तयार नव्हती. लोटू घामाने निथळला होता. "साहेब, हे काम लई पक्कं हाय," तो दोनदा म्हणाला. वामनने दोन्हीदा त्याला कामाला लागायला सांगितलं. अकराव्या घावाला मधला भाग फुटला आणि छताची लाकडी कडी खाली आली. कडीबरोबर फडताळ आलं, फडताळाबरोबर देव्हारा आला. धूळ बसली तेव्हा अख्ख्या गल्लीला गोदाबाईची चूल दिसत होती.

तेवढ्यात तिचा मुलगा चुडामण आला. तो बहादरपुरात केळीचे घड गाड्यांवर चढवायचं काम करी आणि बातमी लागताच तिथून पळत आला होता. त्याने वाटेतली पहार उचलली आणि काही न विचारता लोटूच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दुसरा घाव वामनसाठी होता, पण कमेटीचे दोन शिपाई मध्ये पडले. त्यांनी चुडामणला पालथा पाडला आणि दंडुक्यांनी असा झोडपला की त्याच्या तोंडातून रक्त आणि माती एकत्र बाहेर आली.

"सोडा त्याला," वामन म्हणाला. "चुडामण, तुझ्या मायने स्वतःच्या बोटांनी मापलं आहे. नियम सगळ्यांना एक आहे."

"सगळ्याइले?" चुडामण जमिनीवरूनच म्हणाला. "बुधवाऱ्यातली शालिग्राम सेठची चाळ पाय. तिची भित रोडावर आलीये. अकरा बिऱ्हाडं हायेत तिच्यात. लावशीन तिले दोरा?"

"लावीन. या बुधवारी."

"अन् नाही लावला तं?"

"नाही लावला तर हीच पहार माझ्या डोक्यात घाल. मी हात वर करणार नाही."

हे त्याने वीस-पंचवीस माणसांदेखत म्हटलं. शब्द गेला तो गेला.

बुधवारी सकाळी बुधवारा मोहल्ल्यात जत्रा भरावी तशी माणसं जमली. शालिग्राम सेठ कापसाचा व्यापारी, अंगाने दुहेरी, बोलायला मिठ्ठास. चाळ तीन मजली होती. तिची पुढची भिंत रस्त्याकडे झुकली होती आणि वरच्या मजल्यावर सेठने कापसाच्या गाठी रचल्या होत्या. सेठच्या मागे गोटू उभा होता. हा सेठच्या कापूस दाबायच्या प्रेसमधला गडी, गाठी एकट्याने उचलणारा, आणि सेठच्या वतीने माणसंही उचलणारा. तो त्याच चाळीत तळमजल्यावर बायकामुलांसह राहत होता.

खांदा बांधलेल्या लोटूने दुसऱ्या गवंड्याकडून ओळंबा सोडून घेतला. दोरा स्थिर झाला.

"या सेठजी, बोटं धरा," वामन म्हणाला.

सेठने अंगठ्या काढायची तसदीही घेतली नाही. त्याने आपली जाड बोटं जोडून फटीत सारली. बोटं अडकलीच. दोरा त्यांच्यावर टेकून बाहेर ढकलला गेला.

"देखो भाई, सबके सामने," सेठ म्हणाला. "रीत म्हणजे रीत."

वामनने पाहिलं. दोरा टेकला होता. त्याच्या मनात काहीतरी खुपलं, पण काय ते कळेना. "पास," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज त्याला स्वतःलाच आवडला नाही.

गर्दीतून चुडामण पुढे आला. त्याने मायचं मनगट धरलं होतं. "माय, तुही बोटं धर इथं," तो म्हणाला.

गोदाबाईने बोटं धरली. चार बोटं गेली आणि दोरा लांबच राहिला. मग चुडामणने तिच्या दुसऱ्या हाताची दोन बोटं शेजारी धरायला लावली. तीही गेली. तिची सहा बोटं त्या फटीत मावली.

मग मागून कोणीतरी आईवरून शिवी हासडली आणि पहिला दगड आला. तो सेठला न लागता त्याच्या मुनिमाला लागला. गोटूने लाठी घेतली आणि पुढच्या रांगेत घुसला. त्याने देवराम न्हाव्याचे दोन दात पाडले, एका म्हाताऱ्याला गटारात लोटलं आणि चुडामणच्या टाळूवर अशी लाठी घातली की तो मायच्या पायाशीच कोसळला. गोदाबाई पोरावर आडवी पडली. गोटूची लाठी तिच्या पाठीवरही बसली. वामन ओरडत मध्ये शिरला, तेव्हा एक वीट त्याच्या कानाजवळ फुटली आणि पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं. आठवत होती ती सहा बोटं.

दुपारी घरी त्याची बायको उषा त्याच्या डोक्याला पट्टी बांधत होती. जखमेत हळद भरताना तिने त्याला सगळं सांगायला लावलं.

"मला एक कळत नाही," वामन म्हणाला. "चार बोटं म्हणजे चार बोटं. मग इतका फरक कसा?"

उषाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपलं बाळपण आठवलं. "अहो, कासाराला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही? एका बाईचा हात दुसरीसारखा असता तर त्याने एकाच मापाच्या बांगड्या आणल्या असत्या."

उषाचं माहेर सिंधीपुऱ्यातलं. गोदाबाईचा नवरा होता तोवर दोघी एकाच कासारासमोर हात पुढे करून बसत. "तिला नि मला एकच बांगडी व्हायची," उषा म्हणाली. "आता तर ती वाळून गेली असेल."

वामन उठला. फूटपट्टी घेऊन त्याने आधी स्वतःची चार बोटं मापली: तीन इंच, अगदी बरोबर. म्हणूनच त्याला कधी शंका आली नव्हती. मग त्याने उषाचा हात हातात घेतला. सव्वादोन इंच. ज्वारीचा दाणा धरला तरी अडीच होत नव्हते.

गोदाबाईची भिंत पक्की होती. गिरधरने बांधलेली, अकरा घाव खाऊन न पडणारी ती भिंत कायद्याने पास होती, आणि त्याने ती कायद्याचं नाव घेऊन पाडली होती. त्या एकोणीस भिंती त्याच्या डोळ्यांपुढून जाऊ लागल्या. मालूबाई, आशाबाई, उपासमारीने हाडकलेला तो विणकर, ती एकटी राहणारी म्हातारी. धडधाकट माणसाच्या दारावर फुली पडल्याचं त्याला एकदाही आठवेना. त्याला ढसढसा रडू आलं, आणि तो लाज न बाळगता रडला.

"कोणाला सांगू नका," उषा हळूच म्हणाली. "झालं ते झालं. लोक जिवंत सोडणार नाहीत."

"आणि सेठची चाळ?"

उषाने हळदीची वाटी उचलून ठेवली. अकरा बिऱ्हाडं तिलाही मोजता येत होती.

संध्याकाळी त्याने सुताराकडून बाभळीचा एक ठोकळा करून घेतला. लांबी बरोबर तीन इंच, ना कमी ना जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चाळीसमोर उभा राहिला. बरोबर खांदा बांधलेला लोटू, दुसरा गवंडी, गेरूचं डबडं आणि घन. शिपाई यायला तयार नव्हते. चाळीतली माणसं दारांतून, खिडक्यांतून बघत होती. वामनने ठोकळा आणि फूटपट्टी हातात धरून सगळ्यांना दाखवली. ओळंबा सोडला. ठोकळा फटीत धरला. दोरा ठोकळ्यापासून अर्धा इंच लांब झुलत राहिला.

"साडेतीन," वामन म्हणाला. "घर धोक्याचं आहे. आठ दिवसांत रिकामं करा. वरच्या गाठी आजच उतरवा."

शालिग्राम सेठ बाहेर आला. तो हसत होता. "वामनराव, रीत माझ्या बोटांची आहे. लाकडाची नाही."

"रीत चूक होती. कायदा तीन इंचांचा आहे."

"अच्छा. चूक होती हे कधी कळलं? माझी पाळी आली तेव्हा? त्या वीस भिंती पाडल्या तेव्हा बरोबर होती?"

घाव लागला तो वर्मीच. सेठ लबाड होता, पण हे खरं बोलला होता.

"तेव्हाही चूकच होती," वामन म्हणाला. "त्या वीस घरांना मी स्वतःच्या तोंडाने जाऊन सांगणार आहे. पण त्यांच्या भिंती कोणाच्या अंगावर पडणार नव्हत्या. ही पडेल. लोटू, फुली मार."

सेठचं हसू गेलं. त्याने फक्त हनुवटी हलवली. गोटूने वामनला मानेला धरून खाली दाबलं, त्याचा उजवा हात चाळीच्या दगडी उंबऱ्यावर उताणा केला आणि त्यावर गुडघा ठेवला. दुसऱ्या गवंड्याच्या हातातला घन त्याने खेळणं ओढावं तसा ओढून घेतला.

"बोटांचं फार वेड आहे याले," सेठ म्हणाला.

घन एकदा पडला. मग दुसऱ्यांदा पडला. वामनची किंकाळी चौकापर्यंत गेली आणि दुकानांची फळकुटं धडाधड बंद झाली. गोटूने गुडघा काढला तेव्हा त्या हाताला बोटं म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. लोटू भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या हातातल्या कुंचल्यातून गेरू गळत होता.

वामन ओकला. मग कोपरावर उठला, मग गुडघ्यावर. त्याने डाव्या हाताने लोटूचा कुंचला घेतला आणि दारावर फुली मारली. ती वाकडी झाली, पण फुली होती. कोणालाही ती दुसरं काही वाटली नसती.

"घाल अजून," सेठ म्हणाला.

गोटूने घन उचलला. आणि त्याच वेळी तळमजल्यावरच्या दारातून त्याची बायको रजनी बाहेर आली. तिच्या कडेवर तान्हं होतं, दुसऱ्या हातात गोधडी, आणि पदराला धरलेली थोरली मुलगी. ती नवऱ्याच्या बाजूने चालत गेली, दोरा अजून झुलत होता तिथे थांबली, ठोकळा पाहिला, दोरा पाहिला.

"मले दिसते," ती गोटूला म्हणाली. "तुमाले दिसत नाही? ही भित तुमच्या लेकरायच्या उशाला हाय."

ती रस्त्यापलीकडे जाऊन बसली. तिच्यामागे वरच्या मजल्यावरचं एक बिऱ्हाड उतरलं, मग दुसरं. ट्रंका, पाळणे, पिठाचे डबे रस्त्यावर येऊ लागले. गोटू घन धरून उभा राहिला. सेठ त्याला दोनदा ओरडला, पण तो हलला नाही.

तो तसाच उभा असताना चुडामण आला. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात तीच पहार, मागे सिंधीपुऱ्यातली दहा-बारा माणसं. त्याने उंबऱ्यावरचं रक्त पाहिलं आणि गोटूच्या गुडघ्यावर पहार घातली. गोटू बैलासारखा बसला. बाकीची माणसं सेठवर धावली. त्यांनी त्याला त्याच्याच उंबऱ्यावरून फरफटत रस्त्यात आणलं आणि लाथांनी तुडवलं. अंगठ्या घातलेल्या हातांनी त्याने तोंड झाकलं, तर त्या हातांवरही लाथा बसल्या. रजनीने आडवं पडून नवऱ्याला वाचवलं. सेठला वाचवायला कोणी आलं नाही. शेवटी वामनच ओरडला, "बस करा, तो मरेल," तेव्हा कुठे लोक थांबले. सेठ जिवंत राहिला, पण त्याची कवळी आणि ऐट दोन्ही त्या धुळीत राहिली.

चुडामणने वामनला पाठीवर घेतलं, पहार त्याच्या मांड्यांखाली आडवी धरून. दवाखान्याची वाट सिंधीपुऱ्यातूनच जात होती. वामनचा फुटका हात चुडामणच्या छातीवर लोंबत होता आणि त्याचा सदरा भिजत होता.

"साहेब," चुडामण धापा टाकत म्हणाला, "आज मानलं तुमाले. माह्या मायची भित पडली तवा मले वाटलं, हा माणूस गरिबालेच पाहून घेते. पण तुमचा नियम खराच एक हाय. आता मले दुःख नाही."

वामनने डोळे मिटले. गप्प राहणं फार सोपं होतं. पुढच्या वळणावर दवाखाना होता, आणि हा पोरगा त्याला आयुष्यभर नमस्कार करणार होता.

"चुडामण, थांब. खाली ठेव मला."

ते गोदाबाईच्या ढिगाऱ्यासमोरच होते. ती विटांमधून साबूत विटा निवडून बाजूला रचत होती. लाठी बसलेली पाठ तिला सरळ करता येत नव्हती. चुडामणने वामनला त्या विटांवर टेकवलं आणि पहार बाजूला ठेवली.

"तुझ्या मायची भिंत चांगली होती," वामन म्हणाला. "अडीच इंचसुद्धा नव्हती झुकली. मी चुकीची मापली, आधीची एकोणीस घरंही तशीच. पाडायला नको होती."

चुडामणला आधी कळलं नाही. वामनने डाव्या हाताने खिशातून ठोकळा काढला. लोटूने निघताना तो त्याच्या खिशात कोंबला होता. त्याने तो गोदाबाईपुढे धरला. "तुझी बोटं यावर ठेव, काकू."

गोदाबाईने विटांची लाल धूळ पुसली आणि चार बोटं जोडून ठोकळ्यावर ठेवली. पलीकडे लाकूड उरलं. चांगलं बोटभराहून जास्त उरलं. ठोकळा हातात घेऊन ती त्या उरलेल्या लाकडाकडे बघत राहिली.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

वामनच्या पुस्तकात घर पाडण्याचं सगळं होतं, चुकून पाडलेलं बांधून देण्याचं एक अक्षर नव्हतं.

चुडामणने त्याला मारलं. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने, दोनदा. वामनचं डोकं विटांवर आपटलं आणि पट्टीतून पुन्हा रक्त आलं. त्याने हात वर केला नाही; शब्द दिला होता. चुडामणचं लक्ष पहारेकडे गेलं, आणि वामननेही तिकडे पाहिलं.

"बस," गोदाबाई म्हणाली. "उचल त्याले. हात सडन त्याचा."

"माय, यानं तुहं घर—"

"मले ठाव हाय कोनाचं घर. उचल."

चुडामण रडत होता. रडत रडतच त्याने वामनला पुन्हा पाठीवर घेतलं. वामनने ठोकळ्यासाठी डावा हात पुढे केला, पण गोदाबाईने तो दिला नाही. तिने तो कमरेला, पदराच्या गाठीत बांधला.

"हे माह्याजवळ राहीन," ती म्हणाली. "तू जिथं दोरा सोडशीन तिथं मले बलाव. मी धरीन. अन् आधी त्या एकोणीस घरी जाऊ, दोघं."

"हात बरा झाला की जाऊ, काकू," वामन म्हणाला.

"चालाले हात लागत नाही," गोदाबाई म्हणाली, आणि पुढच्या विटेसाठी वाकली.